छत्तीसचे धिरडे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



माझे नाव पुकारल्यावर मागच्या बाकांवरून जे हसू आले ते मी ऐकले. मागचे बाक म्हणजे माझेच बाक, त्यामुळे राग नाही. माझ्याआधी बोललेल्यांत एक डॉक्टर, एक बँकेतला मोठा अधिकारी. मी चौकच्या बंदरावर बोटींची इंजिने दुरुस्त करतो. समितीचा फोन आला तेव्हा मी म्हटले, इंजिनावर बोलतो. तिकडून उत्तर आले, "इंजिन राहू दे, तू ग्रुपवर दर रविवारी ते धिरड्यांचे फोटो टाकतोस ना, त्यावर बोल." म्हणून आज धिरड्यांवर बोलणार आहे. पंधरा मिनिटे दिली आहेत. गणितात मला एवढेही कधी दिले नव्हते.

आधी नावाचा घोळ मिटवतो. माझी मुले त्याला पॅनकेक म्हणतात. माझी आई पोळे म्हणायची, आणि तिचे पोळे तांदळाचेच. आपल्या वर्गात घाटावरची मुले होती, त्यांच्या डब्यात धिरडी असत, ज्वारीची, बेसनाची. मालवणकडच्यांच्या डब्यात आंबोळ्या आणि घावन. गौरीला त्यांच्याकडे घावन-घाटले असते हे मला त्या डब्यांमुळे कळले. राखेच्या बुधवाराच्या आदल्या मंगळवारी युरोपात पॅनकेक करतात, कारण दुसऱ्या दिवशी उपवासकाळ लागतो आणि घरातली अंडी, दूध, लोणी त्याआधी संपवायची असतात. गोव्यात त्याच पॅनकेकमध्ये गूळ-खोबरे भरून आले बेले करतात. म्हणजे पातळ पीठ, तापलेला तवा आणि एकदा उलटणे, एवढे जिथे तिथे तेच आहे. मी धिरडे म्हणतो, कारण मी करतो ते कणकेचे असते.

आमच्याकडे रविवारचा नाश्ता हा मिस्सा झाल्यावरचा. याला जुने कारण आहे. आईच्या लहानपणी कम्युनियन घ्यायचे तर आदल्या मध्यरात्रीपासून काही खायचे नाही असा नियम होता. १९५७ साली तो तीन तासांवर आला आणि १९६४ साली एक तासावर. नियम सैल झाला, पण आईच्या पोटाला ते कोणी सांगितले नव्हते. ती मिस्साहून येईपर्यंत पाणीसुद्धा घ्यायची नाही आणि आली की थेट चुलीपुढे बसायची. लहानपणापासून रविवार म्हटला की मला पोळ्यांचा वास आठवतो, आणि आमच्याकडे वास म्हटला की त्यात वलांडीवरच्या बोंबलांचाही थोडा असतोच.

आता मुद्द्यावर येतो. २०१२ साली माझ्या बायकोची ड्यूटी बदलली. ती नर्स आहे. रविवारी सकाळी सहाच्या आत तिला भाईंदर स्टेशनची बस पकडावी लागे. आईचे गुडघे तोपर्यंत गेले होते. मोठा मुलगा सहावीत, मुलगी तिसरीत. जूनचा महिना होता. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ६१ दिवस. बोटी वर ओढून ठेवलेल्या, म्हणजे मी घरी. पहिल्या रविवारी आईने खुर्चीत बसून सूचना दिल्या आणि मी घावन घातले. पीठ एकसारखे ढवळत राहावे लागते, नाहीतर तांदळाचे पीठ खाली बसते आणि वर नुसते पाणी तव्यावर पडते, हे मला चौथ्या घावनाला कळले. पहिली तीन कोंबड्यांनी खाल्ली. मुलांनी बिस्किटे खाल्ली.

पुढच्या रविवारी मुलगा म्हणाला, "पप्पा, मासा काढा ना त्याचा." यात नवीन काही नव्हते, आईसुद्धा कधीकधी शेवटच्या पिठाची होडी करायची. पण होडी आणि मासा यांत फरक असा, की माशाला डोळा लागतो, खवले लागतात. नुसता आकार काढला तर तो मासा आहे हे आपणच सांगावे लागते.

डोळा काढायचा कसा, यावर मी दोन-तीन रविवार घालवले. मनुका चिकटवली, ती जळली. वरून गुळाचे पाणी सोडले, ते पसरले. मग एकदा तव्यावर पिठाचा एक थेंब आधी सांडला आणि मी त्याच्यावरच पळी ओतली. उलटले तर त्या थेंबाच्या जागी गडद तपकिरी ठिपका आणि बाकीचे धिरडे पिवळसर. थेंब तव्यावर जास्त वेळ होता, म्हणून जास्त भाजला. एवढेच गुपित आहे. रेषा आधी, पीठ मागून. आधी रेघ सोडायची, तिला रंग येईपर्यंत थांबायचे आणि मग तिच्यावर पातळ पीठ ओतायचे. उलटल्यावर चित्र वर येते. चित्रकलेचे सर इथे बसले आहेत. सर, एलिमेंटरीच्या परीक्षेआधी तुम्ही मला हेच सांगत होता, आधी रेषा. मी तेव्हा रंगाच्या बाटल्या सांडत होतो. निकाल तुम्हाला माहीत आहे.

हे कोणाला करून बघायचे असेल तर नीट सांगतो, कारण फोटो बघून सगळे "सोपे आहे" म्हणतात आणि मग मला रविवारी सकाळी फोन करतात.

पीठ: एक वाटी कणीक, एक अंडे, साधारण वाटीभर दूध, दोन चमचे बारीक केलेला गूळ, चिमूटभर मीठ. पंधरा मिनिटे झाकून ठेवा, गुठळ्या जातात. यातले थोडे बाजूला काढून त्यात चमचाभर कणीक वाढवा, ते रेघेसाठी, जरा दाट. उरलेले ओतण्यासाठी, ते पळीतून सुटले पाहिजे. गूळ जास्त घालू नका. गुळाने रंग लवकर येतो, पण तो तव्याला धरतोही. आंबवलेले पीठ रेघेला चालत नाही, कारण जाळी पडते आणि रेघ तुटते. घावनाचे पीठ तर पाण्यासारखे, रेघ काढून हात उचलेपर्यंत ते पार कडेला पोचते.

रेघ कशाने काढायची? मी दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून सुरुवात केली. नंतर बायकोने मेंदीचा कोन करतात तसा प्लास्टिकचा कोन करून दिला. सगळ्यांत चांगली केचपची रिकामी बाटली, टोक असलेली.

तवा: आईचा बिडाचा तवा पोळ्यांना सोन्यासारखा, पण चित्राला नाही. एकदा तापला की तो लवकर निवत नाही, आणि चित्र काढायला वेळ लागतो. तेवढ्यात पहिली रेघ कोळसा होते. म्हणून नॉनस्टिक, आणि आच मंद. चौकोनी चित्र असेल तर तवा गार असतानाच रेघा काढून घ्या, मग गॅस पेटवा. तेल ओतायचे नाही, अर्धा कांदा तेलात बुडवून नुसता फिरवायचा. तेल जास्त झाले की रेघ घसरते, आणि घसरलेल्या माशाला दोन तोंडे येतात. माझ्या आईचे मत असे होते की नॉनस्टिकवर केले ते खाणे नाही, खेळणे आहे. तिचे चुकत नव्हते.

रंगांचे थोडक्यात सांगतो. पालकाचा रस टिकतो. बिटाचा रस कच्च्या पिठात सुंदर दिसतो आणि भाजल्यावर मातकट होतो. हळदीच्या पिठात खायचा सोडा पडला तर ते लाल होते. मुलांनी याला जादू म्हटले. विज्ञानाच्या बाई म्हणतील, आठवीत शिकवले होते. बाई, शिकवले असणार. मी त्या दिवशी बंदरावर असेन.

चित्रांत पापलेट सर्वांत सोपा, तो मुळात धिरड्यासारखाच असतो. खेकडा कधीच जमला नाही, उलटताना पाय मोडतात. चौकहून खाडीपलीकडे वसईचा किल्ला दिसतो, त्याचा बुरूज एकदा केला. आमच्याच टेकाडावर धारावीच्या किल्ल्यापाशी चिमाजी अप्पांचा पुतळा आहे, तर मुलगा म्हणाला तो करा, घोड्यासकट. १७३९ साली त्यांना वसई घ्यायला जेवढा त्रास झाला नसेल तेवढा मला घोड्याचे चार पाय काढायला झाला. ते धिरडे मुलाने डोळे मिटून खाल्ले.

आतापर्यंतचे सगळे मजेचे झाले. आता सांगतो ते सांगू की नको, याचा मी येताना बसमध्ये विचार करत होतो. डोंगरी गेले, मोर्वा गेले, राई-मुर्धा गेले, मिठागरे आली, तरी ठरत नव्हते. पण समोर शिक्षक आहेत, आणि हे शिक्षकांपुढेच सांगण्यासारखे आहे.

माझी मुलगी तिसरीत होती हे मी म्हटले. ती ६ च्या जागी ३ काढायची आणि ३ च्या जागी ६. म आणि भ, घ आणि ध, यांत तिला फरकच दिसत नसे. वाचताना अख्खी ओळ गाळून खालच्या ओळीवर जायची. शाळेतून चिठ्ठी यायची, "लक्ष देत नाही, घरी अभ्यास घ्यावा." शाळेचे नाव घेत नाही, तिथल्या बाईंच्या वर्गात साठ मुले होती. बायको ड्यूटीवर, आणि बोटी बंद म्हणून मी घरी, तेव्हा अभ्यास माझ्याकडे आला. ज्याने स्वतः दहावीचे गणित दोनदा दिले तो आता सहाचा पाढा घेऊ लागला.

जुलैमधला एक शनिवार. बाहेर धो धो पाऊस. साही साही छत्तीस. तोंडी तिने बरोबर म्हटले आणि वहीत लिहिले ६३. मी खोडायला लावले. पुन्हा ६३. पुन्हा खोडले. पानाला भोक पडले. तिसऱ्यांदा ६३ आले आणि मी तिच्या थोबाडीत मारली.

मुलांना मारणाऱ्यांतला मी नव्हतो. आमच्या घरी बाप मारायचा, आणि मी ठरवले होते की आपण मारायचे नाही. तिने रडून गोंधळ केला असता तर बरे झाले असते. तिने वही मिटली, पेन्सिल कंपासमध्ये ठेवली आणि आजीजवळ जाऊन बसली. रात्री जेवली नाही. आई मला एकच म्हणाली, "तुला पण हेच यायचं नाही." मला ते आठवत नव्हते. तिला आठवत होते.

रविवारी मिस्साहून येताना ती भावाच्या छत्रीत चालली, माझ्या नाही. घरी आल्यावर मी तवा ठेवला. मी काय केले असेल? शहाणा माणूस असता तर मासा काढला असता. मी ६ काढला. मला वाटले, खाण्याच्या निमित्ताने तिच्या डोक्यात एकदाचा सहा बसेल. म्हणजे आदल्या दिवशी हाताने केले तेच मी आता बाटलीने करत होतो. छान मोठा, घोटीव ६. रंग येऊ दिला, पीठ ओतले, वरचे बुडबुडे फुटेपर्यंत थांबलो, उलटले आणि तिच्या ताटात टाकले.

ताटात ३ होता.

तुमच्या लक्षात आले असेल. रेघ तव्याकडे तोंड करून असते, उलटल्यावर डावे उजवीकडे जाते. माशाला त्याने काही फरक पडत नाही, मासा इकडे पोहतो की तिकडे, कोण बघतो. आकड्याला पडतो. ती ताटाकडे बघत होती. मग कालपासून पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, "पप्पा, तुमचापण उलटा झाला."

मी काही बोललो नाही. बोलता आले नाही. तीच म्हणाली, "३ काढा, मग ६ येईल." मी ३ काढला, ६ आला. मुलगा आपले नाव काढा म्हणून मागे लागला, पण तिने त्याला थांबवले आणि म्हणाली, "आता ३६ काढा." मी मनात हिशोब केला: उलटे होणार, म्हणजे ६३ येणार. कालचा राग ती काढते आहे असे वाटले. काढले. उलटले. ३६च आले.

तुम्ही घरी कागदावर लिहून पाठीमागून उजेडात धरून बघा. ३ उलटून ६ होतो आणि ६ उलटून ३ होतो, आणि जागाही बदलतात, म्हणून छत्तीस छत्तीसच राहतो. ज्या दोघांचे पटत नाही त्यांना आपण छत्तीसचा आकडा म्हणतो. मला हा हिशोब ताटात बघूनही समजायला दोन मिनिटे लागली. तिला तो न काढताच दिसला होता. मी विचारले, "तुला कसं कळलं?" ती म्हणाली, "दिसतं की." आणि खाल्ले. आधी ३ खाल्ला, मग ६.

त्यानंतर वर्षभर आमच्याकडे रविवारी अक्षरे चालली. कोणती अक्षरे उलटून तशीच राहतात, याची यादी तिने भिंतीवर खडूने केली. ० आणि ठ राहतात. ४ जवळजवळ राहतो. इंग्रजीत बरीच राहतात, मॉम लिहिले तर कसेही उलटा, मॉमच. नाव काढायचे असेल तर बाटली तिच्याकडे. ती उजवीकडून सुरू करायची आणि प्रत्येक अक्षर उलटे सोडायची, न अडखळता, जसे आपण सुलटे लिहितो. मला आजही एक नाव काढायला आधी कागदावर लिहून आरशात बघावे लागते. शेजारची मुले रविवारी आपापली नावे खायला यायची. बायको म्हणाली, अर्धा डझन अंडी आता पुरत नाहीत.

मी काही दावा करत नाही. तिच्या अभ्यासात धिरड्यांनी फरक पडला असे कोणी समजू नये, पडला नाही. वहीत ६३ येतच राहिले. फरक माझ्यात पडला, म्हणजे मी अभ्यास घेणे सोडले. ते बायकोने घेतले, ड्यूटीहून येऊन, आणि तिने कधी आवाज चढवला नाही. पाचवीत एक नवीन बाई आल्या. त्यांनी वही बघून मला बोलावले आणि म्हणाल्या, हिची तपासणी करून घ्या. "तारे जमीन पर" सिनेमा २००७ साली आला होता, आम्ही तो सहकुटुंब बघून रडलोही होतो, आणि तरी आपल्या घरातली मुलगी आम्हाला दिसली नव्हती. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात नेले, तिथे अशा मुलांची तपासणी होते. चार-पाच खेपा झाल्या. चौकहून सायन म्हणजे बस, ट्रेन आणि पुन्हा बस. मी डॉक्टरबाईंना धिरड्यांचे सांगितले, जरा ऐटीत. त्या हसल्या आणि म्हणाल्या, लहान मुले सहा-सात वर्षांपर्यंत उलटी अक्षरे काढतातच, नुसत्या तेवढ्यावरून काही ठरत नाही, आणि उलटे छान लिहिणे हाही काही पुरावा नाही. मग म्हणाल्या, "पण ते बंद करू नका." कागद मिळाला. त्या कागदावर परीक्षेत वाढीव वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. तिने वेळ घेतला, लेखनिक घेतला नाही.

मार्च २०२० मध्ये तिची दहावी झाली. त्या वर्षी शेवटचा भूगोलाचा पेपर टाळेबंदीमुळे झालाच नाही आणि मंडळाने सरासरीने गुण दिले. भूगोलाच्या बाई, माफ करा, पण आमच्या घरी त्या दिवशी पेढे वाटले. आता ती बी.कॉम.ला आहे, एक विषय राहिला आहे, ऑक्टोबरात देईल.

मी मघाशी शाळेच्या चिठ्ठीचे बोललो, ते इथे बसलेल्या कोणाला उद्देशून नाही. उलट मला एक विचारायचे आहे. आईने सांगितल्यापासून माझ्या मनात आहे. माझ्या वह्या तुम्ही तपासल्या आहेत. सर, बाई, माझे ३ आणि ६ तुम्हाला आठवतात का? मी तेव्हा लक्ष देत नव्हतो, हे खरे आहे. पण मला पाढे खरोखर दिसायचे नाहीत की मी बघत नव्हतो, हे आता मला कोणी सांगू शकणार नाही. आई होती तोवर तिला विचारायला पाहिजे होते, ते राहिले.

बंदी नसलेल्या महिन्यांत मी शनिवारी रात्री उशिरा कामावरून येतो, पण रविवार चुकवत नाही. मुलगा आता पुण्याला असतो, त्याचे धिरडे फोटो काढून पाठवतो आणि मी खातो. मुलगी अजून बाटली हातात घेते, पण मोबाइल बघत बघत.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. ती सुलटी आहे, वाचता आली. मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीजवळ, समितीने दोन शेगड्या ठेवल्या आहेत. पीठ मी घरून कालवून आणले आहे, साधारण चाळीस होतील. ज्यांना नाव हवे आहे त्यांनी ते कागदावर उलटे लिहून आणा, कारण आज मुलगी बरोबर नाही. पहिले बाईंचे. बाई, तुमच्या नावात ठ आहे, तेवढा मी न बघता काढीन.